आठ फेटे आणि आप्पांचं डोकं

दाजी, फेटे पुरले. एवढं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तुम्ही आता जिथं असाल तिथं भांडी असतात का, माहीत नाही. एक फेटा उरलासुद्धा. मोजताना सवयीनं मी तुम्हाला धरलं असणार.

काल तुमचं तेरावं झालं. रीतीप्रमाणं सोयऱ्यांनी घरच्यांच्या डोक्याला नवं कापड घातलं. सोयरा म्हणजे मुख्यतः मीच, ताईचा धाकटा भाऊ, आणि त्यात सात रस्त्याजवळ टोपी-टॉवेल-फेट्यांचं दुकान चालवणारा. गाठोडं मी स्वतः बांधलं, स्वतः उचललं आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, पीछे रखो ना, गिरता नै." मी म्हणालो, "एकदा ठेवलं होतं बाबा."

ते ‘एकदा’ तुम्हाला माहीत आहे. काल आलेल्या नव्या पाव्हण्यांना नव्हतं. मी गोष्ट सुरू करणार, एवढ्यात ताईनं डोळे वटारले. "बापू, आज नको." म्हणून तुम्हालाच सांगतो. जिवंतपणी तुम्ही माझ्या प्रत्येक गोष्टीत मध्ये तोंड घालायचात, "बापू, असं नव्हतं झालं" म्हणायचात. आता ती अडचण राहिलेली नाही. तरी मी खरंच सांगणार आहे, बहुतेक.

तुम्ही पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करायला लागलात, तेव्हा आमच्याकडच्या नातेवाइकांना तुमची काळजी वाटायला लागली होती. दिवसभर घरात बसणारा जावई. मला विचारायचे, "दाजींचं बरं चाललंय ना?" मी सांगायचो, "कंप्युटरचं काहीतरी करतात." हे तुमच्या कानावर गेलं आणि एका रविवारी तुम्ही दुकानात येऊन बसलात. चहा सांगायला लावलात. म्हणालात, "बापू, आज तुला माझा धंदा कळलाच पाहिजे."

"माणसं प्रोग्राम लिहितात," तुम्ही म्हणालात, "यंत्राला ती भाषा कळत नाही. मधला दुभाष्या म्हणजे कंपायलर. आणि त्या दुभाष्याच्या पोटातलं एकच काम मी वर्षानुवर्षं करतोय. जागावाटप."

"कुणाच्या जागेचं?"

"हे तुझं काउंटर बघ. हाताशी आहे, पण इवलंसं. प्रोसेसरकडं अशा हाताशी असलेल्या मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आणि हा तुझा माळा, ही मेमरी. लई मोठी, पण शिडी चढून जावं लागतं. आता यंत्राला दोन आकड्यांची बेरीज करायची तर आकडे काउंटरवर पाहिजेत. काउंटरवर जागा पंधरा-सोळा, आकडे शेकड्यांनी. मग कुणाला काउंटरवर ठेवायचं आणि कुणाला माळ्यावर टाकायचं, हे कंपायलरनं आधीच ठरवायचं. माळ्यावर टाकण्याला आम्ही स्पिल म्हणतो. सांडणं."

"सांडलेलं परत कसं भरायचं?"

"त्याचाच तर पगार मिळतो."

मग तुम्ही मला तुमच्या धंद्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य सांगितलंत. दोन आकडे एकाच वेळी जिवंत नसतील तर त्यांना एकच जागा आलटून-पालटून देता येते. मी विचारलं, आकडा जिवंत कसा असतो? तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "ज्याचं पुढं कुठंतरी काम पडणार आहे, तो जिवंत. ज्याचं कुठंच काम उरलं नाही, त्याची जागा मोकळी."

परवा नळाला पाणी आलं. टाकीचा कुठला कॉक उघडला की कुठली टाकी भरते हे घरात एकट्या तुम्हालाच ठाऊक. ताई, तुमची लेक रश्मी आणि मी तिघं गच्चीवर उभं राहून एकेक कॉक फिरवत होतो आणि शेजाऱ्यांची टाकी भरत होती. तुमच्या त्या व्याख्येनं, दाजी, तुम्ही ठणठणीत आहात. महापालिकेत तुमच्या मृत्यूचा दाखला काढायला गेलो तेव्हा मी हे बोललो नाही. काम अडलं असतं.

आणि आपला वाद त्या रविवारपासूनचा. काउंटर भरलं, तर माळ्यावर जायचं कुणी?

तुम्ही म्हणायचात, "सोपंय. ज्याची गरज सगळ्यात उशिरा पडणार आहे, तो जाईल. आणि जो फेऱ्यात सापडलाय, म्हणजे एकच काम पुन्हापुन्हा चाललंय आणि त्यात ज्याला सारखा हात लागतो, त्याला हलवायचं नाही."

मी म्हणायचो, "दुनियेत असं नसतं दाजी. जो कुरकुर करत नाही, तो माळ्यावर जातो."

"म्हणूनच तुला दिवसभर शिडी चढावी लागते."

हे बोलून तुम्ही दुसरा चहा सांगायला लावायचात. वाद तिथंच राहायचा, शिडीच्या मधल्या पायरीवर.

मग रश्मीचं लग्न निघालं. आणि रश्मीच्या लग्नात खरा प्रश्न एकच होता. आप्पा.

आप्पा तुमचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर गावी, केमला, शेती करून त्यांनीच तुम्हाला शिकवलं. तुमच्या वास्तुशांतीला पहिला फेटा तुमच्या पुण्याच्या साहेबांना बांधला गेला आणि दुसरा आप्पांना. कुणी ठरवून केलं नव्हतं. साहेब दारात आधी आले, एवढंच. आप्पा काही बोलले नाहीत. जेवले, पान खाल्लं, केमची गाडी पकडली, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याही कार्याला आले नाहीत. नारळ मात्र न चुकता पाठवायचे. तुम्ही दिवाळीला केमला जायचात, ते चहा द्यायचे, "येतो की कवातरी" म्हणायचे. तुम्ही परत आलात की दोन दिवस माझ्या दुकानात टॉवेलांच्या घड्या घालत बसायचात.

शेवटी रश्मी स्वतः केमला गेली. आप्पा तिला म्हणाले, "तुज्या अक्षतेला यीन. पर डोक्यावर फेटा पायजे." ती हसत हसत घरी आली, आणि तुम्ही मला फोन केलात. "बापू, बाकी लग्नाचं काय व्हायचं ते होऊ दे. अक्षतेला आप्पांच्या डोक्यावर फेटा पाहिजे."

मी म्हणालो, "दाजी, मेहुण्याचं फेट्यांचं दुकान आहे. तुम्ही निवांत झोपा."

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयात कळलं की आपलं फेट्यांचं गाठोडं नातेपुत्याला चाललंय. तिथल्या एका लग्नाचा माल माझ्याच दुकानातून त्या टेंपोत भरला होता, आणि मी "मागं ठेवा, पडत नाही" म्हणून आपलंही गाठोडं त्याच टेंपोत ठेवलं होतं. ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, मी अकलूजच्या पुडं हाय. माघारी फिरू व्हय?" फिरून काय उपयोग, अक्षता होऊन गेल्या असत्या. लग्नाच्या तिथीचा दिवस. इतर दुकानांत विचारून झालं, कुणाकडं शिल्लक नव्हती.

हाताशी राहिले ते रंग ठरवायला रश्मीनं मागवलेले नमुने. शिवून तयार केलेले, टोपीसारखे घालायचे आठ फेटे. आठही वेगळ्या रंगांचे. मानकरी तीस-पस्तीस.

मी कोपऱ्यात बसून घाम पुसत होतो. तुम्ही आलात, आणि मला वाटलं आता जावईमाणूस भडकणार. तुमचे डोळे तर चमकत होते. एवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर तुमच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि त्या लग्नात करवला मी होतो.

"आठ आहेत?" तुम्ही म्हणालात. "पुरतील."

"दाजी, पस्तीस डोकी आहेत."

"एका वेळी किती?"

मग तुम्ही एक पत्रावळ पालथी घातलीत आणि पेननं तिच्यावर ठिपके काढलेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक मानकरी. जे दोघं एकाच वेळी मांडवात असणार, त्यांच्यात रेघ. रेघेनं जोडलेल्या दोघांना एक रंग चालणार नाही. बाकी कुणीही कुणाशी वाटून घेईल. केमची मंडळी गाडीनं येणार, अक्कलकोटचं वऱ्हाड सीमांतपूजनानंतर न्याहारीला बसणार, माढ्याचे पाव्हणे नुसते तोंड दाखवून दुसऱ्या लग्नाला जाणार. ज्याचं काम संपलं, त्याचा फेटा पुढच्याला. नवरदेवाचा राखीव. "प्रत्येक यंत्रात अशी एक जागा असते," तुम्ही म्हणालात, "तिला हात लावला की सगळं कोसळतं." फोटोग्राफर ज्यांना सारखं स्टेजवर बोलावणार, म्हणजे मी आणि व्याही, त्यांचे फेटे हलवायचे नाहीत. ते फेऱ्यातले.

"पण दाजी, मानाचा फेटा डोक्यावरनं काढून घ्यायचा कसा? मारामारी होईल."

तुम्ही क्षणभर विचार केलात. "पीन," म्हणालात.

त्या दिवशी आपण दोघं जेवढं खोटं बोललो, तेवढं मी दुकानात वर्षभरात बोलत नाही. पाव्हण्याजवळ जायचं, चेहरा काळजीचा करायचा. "मामा, तुरा सैल झालाय, द्या, पीन लावून आणतो." फेटा घेतला की मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या डोक्यावर. पहिल्याच्या हातात टॉवेल-टोपी आणि नारळ, त्याची गाडीची वेळ झालेली. माढ्याचे एक आजोबा जाताना मला म्हणाले, "पीन लागली का रं त्येची?" मी म्हणालो, "लागतीय." बहुतेक अजून लागतेय.

तुम्ही मांडवातनं नुसते तरंगत होतात, दाजी. मुलीचा बाप म्हणून रडण्याऐवजी माझ्या कानात येऊन सांगत होतात, "हिरवा मोकळा झाला. हिरवा केशवरावांना." रश्मीच्या मैत्रिणी म्हणत होत्या, काका किती हौशी आहेत.

आप्पा सकाळच्या गाडीनं आले. आठांत त्यांच्या डोक्याला बसणारा एकच फेटा होता, डाळिंबी. तुम्ही तो स्वतःच्या हातानं त्यांना घातलात, वाकून नमस्कार केलात. आप्पा म्हणाले, "बरा बसलाय." त्या दोन शब्दांवर तुम्ही तासभर जगलात.

पण मग अक्कलकोटचे काका आले, नवरदेवाचे चुलते. त्यांचंही डोकं तसलंच, भरदार, खाली झुपकेदार मिशा. डाळिंबीशिवाय काही बसेना. सीमांतपूजनाला त्यांचा मान. अक्षतेआधी ते दुसऱ्या लग्नाला जाणार होते. आप्पांना थेट अक्षतेलाच फेटा हवा होता, म्हणजे त्यांची गरज सगळ्यात उशिरा. तुमच्या नियमात अगदी नीट बसणारं गणित. आप्पांना साखरेचा त्रास, म्हणून त्यांना लवकर जेवायला घातलंत, वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंख्याखाली पलंग दिलात, आणि म्हणालात, "आप्पा, फेटा द्या, पीन लावून आणतो."

आप्पांनी फेटा काढून दिला, पिशवीतली आपली पांढरी टोपी घातली आणि आडवे झाले.

काकांना फेटा घालताना ते कानडीत "साकु, साकु" म्हणत होते. पुरे, पुरे. आरशात बघितल्यावर मात्र पुरे म्हणेनात. त्यांना तो फेटा इतका आवडला की त्यांनी दुसरं लग्नच सोडून दिलं. हे आपल्याला कळलंच नाही. पत्रावळीवरच्या त्या ठिपक्याला कुठं माहीत होतं, त्याला आरसा दाखवलाय म्हणून.

काकांकडनं फेटा घेऊन वर न्यायचं काम तुम्ही स्वतःकडं ठेवलं होतं. निघालातही. तेवढ्यात मी रश्मीला हाताला धरून बाहेर आणलं. पिवळं पातळ, मुंडावळ्या. तुम्ही जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबलात आणि तिच्याकडं बघत राहिलात. मग भानावर येऊन मांडवात नजर टाकलीत. गर्दीत पाठमोरा डाळिंबी फेटा दिसला. तुम्हाला वाटलं, झालं की ते काम. आप्पा आले.

तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं, सांडलेला आकडा परत आणायला विसरलं तर यंत्र ओरडत नाही. त्याच्या जागेवर दुसराच कुणीतरी बसलेला असतो, आणि सगळं सुरळीत चाललंय असंच दिसतं.

अंतरपाट धरला. मी नवरीमागं उभा, तोंड मांडवाकडं. सहज डाळिंबी फेट्याकडं पाहिलं. आप्पांना मिशा नाहीत.

मी तुमच्याकडं झुकलो. "दाजी, डाळिंबीखाली मिशा आहेत."

तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "गुरुजी, थांबा."

"अहो, मुहूर्त—"

"माझा भाऊ आत राहिलाय."

मुलीचा बाप अक्षता सोडून पळत सुटला. मामानं नवरीमागनं हलायचं नसतं, पण मी पण गेलो. नाहीतर ही गोष्ट आयुष्यभर तुम्ही सांगितली असती.

वरची खोली रिकामी होती. पलंगावरची चादर नीट घडी करून ठेवलेली. ती घडी बघून तुम्ही जो चेहरा केलात, तो मी कुणाला सांगत नाही.

आप्पा फाटकाशी होते. वॉचमनच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी, डोक्यावर टोपी.

"केमची गाडी कितीला हाय रं?" त्यांनी विचारलं. तुमच्याकडं न बघता, मला.

"आप्पा," तुम्ही म्हणालात, "अक्षता थांबवल्यात."

"कशापायी? समदी हायती की. फेटा बी हाय. मी बघितला जिन्यावरनं. चांगला बसलाय त्येला."

"मी तुम्हाला वर ठेवलं होतं, आप्पा."

"ठिवलं व्हतं? मी काय गाठुडं हाय?"

तुम्हाला त्या वेळी सगळं समजावून सांगता आलं असतं. पत्रावळ, ठिपके, गरज कुणाची आधी, कुणाची मागनं. मी वाटच बघत होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "ठेवलं, आणि आणायचं विसरलो."

आतनं माइकवर कुणीतरी म्हणत होतं, वधूपित्यानं स्टेजवर यावं. आप्पा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"शाळंत दप्तर बी असंच इसरून यायचा," ते मला म्हणाले. "रोज मीच जायचो आणाय. यवडं रान तुडवत." मग पहिल्यांदा त्यांनी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही धापा टाकत होतात, सोवळं सुटत आलं होतं. "आज तू आलास म्हणायचं."

तुम्ही स्वतःच्या डोक्यावरचा केशरी फेटा काढलात आणि आप्पांची टोपी काढून तिथं ठेवलात. बसेना. भोपळ्यावर वाटी ठेवल्यासारखा दिसत होता.

"पडंल की ह्यो," आप्पा म्हणाले.

"पीन लावतो."

"लाव. आता तरी खरंच लाव."

म्हणजे म्हातारं सकाळपासनं सगळं ओळखून होतं.

अक्षता झाल्या. सगळ्या फोटोंत आप्पा मान ताठ करून उभे आहेत, डोक्यावर वाटी, चेहऱ्यावर राजाचा भाव. शेजारी वधूपिता उघड्या डोक्यानं, केस उभे, दात दिसेपर्यंत हसणारा. कन्यादानाचासुद्धा तसाच. फोटोग्राफर म्हणाला, एक फेटा घाला साहेब. डाळिंबी मागायची तुमची छाती झाली नाही. काका तो घालूनच अक्कलकोटला गेले. त्यानंतर आप्पा दर सणाला तुमच्या घरी यायला लागले, आणि दारातच विचारायचे, "आज ठिवणार कुटं मला?"

आता जे तुम्ही मला कधी बोलू दिलं नाहीत, ते बोलतो. मी सुरुवात केली की तुम्ही म्हणायचात, "बापू, चहा सांग." आज चहा माझ्यासमोरच आहे. तर ऐका. त्या फाटकाशी तुम्ही स्वतःचा नियम मोडलात. अक्षता थांबलेल्या, पुढं कन्यादान, त्या क्षणी मांडवात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त गरज तुमच्याच डोक्याची होती. तुमच्या शास्त्राप्रमाणं तुमचा फेटा सगळ्यात शेवटी हलायला पाहिजे होता. तुम्ही तो सगळ्यात आधी काढलात, कुरकुर न करता. जो कुरकुर करत नाही तो माळ्यावर जातो, हा माझा नियम. वाद मी जिंकलो, दाजी. एवढ्या वर्षांनी का होईना. आणि जिंकल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगावं, तर तुम्हालाच, ही एक अडचण आहे.

काल आप्पांसाठी मी माप घेऊन फेटा केला होता. पांढरा, त्यांच्या डोक्याचा. मी घातला, तो असा बसला की माझं मलाच कौतुक वाटलं. समोर टेबलावर तुमचा फोटो. रश्मीनं तोच निवडला, कन्यादानाचा, उघड्या डोक्याचा, कारण तेवढं मोठं हसणं दुसऱ्या कुठल्या फोटोत नव्हतं. ताई सकाळपासनं भिंतीला टेकून, कुणाकडं न बघता.

आप्पांनी दोन्ही हातांनी फेटा चाचपला. मग मला सगळ्यांदेखत विचारलं, "बापू, ह्यो घरला न्यायचा, का पीन लावाय माघारी द्यायचा?"

आधी ताई हसली. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत. मग रश्मी. मग केमची सगळी. नवे पाव्हणे एकमेकांकडं बघायला लागले, की ही कसली माणसं, तेराव्याला हसतायत. मला गोष्ट सांगायची गरजच राहिली नाही.

"न्या, आप्पा," मी म्हणालो. "आता मागायला कोण येणार नाही."

आप्पा तुमच्या फोटोकडं बघत होते.

"आला," ते म्हणाले, "तर द्येईन की."